गजाला खोबरेल तेल

सुरतेच्या पांडेसऱ्यात बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत जाऊन विशाखा बैसाणे कुठे राहतात असं विचारलं, तर पानाच्या टपरीवरचा माणूस डोकं खाजवेल. ‘पेली मोटी वायोलिनवाली बेन’ म्हणा, की हातातला चुना पुसून तो दारापर्यंत सोडायला येईल. त्या वाद्याचं नाव चेलो, हे विशाखाने त्याला निदान वीस वेळा सांगितलं असेल. तो दर वेळी मान डोलावतो आणि पुढच्या माणसाला पुन्हा मोटी वायोलिनच सांगतो. विशाखाने आता नाद सोडला आहे.

तसा तोही अगदीच चुकीचा नाही. चेलो व्हायोलिनच्याच घराण्यातला, पण उभा केला तर पाचवीतल्या पोराएवढा. खुर्चीवर बसून तो गुडघ्यांत धरायचा, खालचा खिळा जमिनीवर टेकवायचा आणि उजव्या हातातला गज तारांवर ओढायचा. आवाज म्हणाल तर घरातला एखादा कमी बोलणारा मोठा माणूस बोलावा तसा. आता रंगाच्या मिलमध्ये कापड धुणाऱ्या माणसाची मुलगी या वाद्यापर्यंत पोहोचली कशी, असं कोणी विचारलं तर विशाखा म्हणते, माझं त्यात काही नाही, सगळं लोकांनी हातात आणून दिलं. ऐकणाऱ्याला वाटतं बाई नम्रपणा करतेय. पण ती नम्रपणा करत नाही, ती खरोखरच तसं मानते. आणि पहिलं नाव घेते ते आईचं, म्हणजे अंजनाबाईंच्या तेल चोपडायच्या हाताचं.

अंजनाबाई आणि भगवंत बैसाणे हे जोडपं शिंदखेड्याकडून सुरतेला आलं, ते विशाखा पोटात असताना. भगवंतांना पांडेसऱ्यातल्या मिलच्या धुलाई खात्यात काम लागलं. मागावरून उतरलेलं कापड तेलकट, मळकट असतं. रंग चढवण्याआधी त्यातलं तेल पार काढावं लागतं, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो. हे तेल काढण्याचं काम भगवंतांनी छत्तीस वर्षं केलं. या कामाला यश नाही. रंग चांगला बसला तर रंगमास्तर हुशार, नाही बसला तर धुलाईवाला गाढव. अंजनाबाई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या आणि रविवारी सकाळी नानपुऱ्याला पेरिन टीचरकडे मालिश करायला जायच्या.

पेरिन टीचर म्हणजे एकट्या राहणाऱ्या, साठीच्या पारशी बाई. शाळेत पियानो शिकवून निवृत्त झालेल्या. घरात एक पियानो आणि थोरल्या भावाच्या मागे राहिलेला एक चेलो. अंजनाबाईंचा खोबरेल तेलावर असा विश्वास होता, की डोकं दुखलं तरी तेल, पोर रडलं तरी तेल आणि दार करकरलं तरी तेल. त्या पेरिन टीचरच्या डोक्यावर इतकं तेल थापायच्या, की ते मुरेपर्यंत तासभर टीचरना ना बाहेर जाता यायचं, ना कुठे टेकून बसता यायचं. मग डोक्याला पंचा गुंडाळून त्या चेलो वाजवत बसायच्या. नऊ वर्षांची विशाखा आईबरोबर यायची आणि जमिनीवर बसून ऐकायची. एका रविवारी ती सरकत सरकत जवळ गेली आणि वाजत्या चेलोच्या पाठीला तिने कान लावला. पेरिन टीचरनी वाजवणं थांबवलं नाही. तुकडा संपला तेव्हा त्यांनी पोरीला उठवून खुर्चीवर बसवलं.

पहिले तीन महिने फक्त एक तार आणि एक लांब गज. बोट कुठेही ठेवायचं नाही, सूर लावायचा नाही, नुसता गज या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. विशाखा दात ओठ खाऊन ओढायची आणि खरखर करायची. पेरिन टीचर तिचं मनगट धरून म्हणायच्या, “दीकरी, हात ढीलो राख. तार तारी दुश्मन नथी.” फुकट शिकणं अंजनाबाईंना पटेना. त्यांनी डोक्याच्या मालिशीला पायांची मालिश जोडली. टीचर नको नको म्हणत राहिल्या आणि पाय पुढे करत राहिल्या.

दुसरं शिकणं झालं ते वस्तीत. चौदा एप्रिलला विहारासमोर गायन पार्टी बसायची आणि तिचे म्होरके होते लक्ष्मणकाका. पंधरा वर्षांची विशाखा टीचरची परवानगी काढून चेलो रिक्षाने घरी घेऊन आली, तेव्हा लक्ष्मणकाकांनी पोरासारखं धरून उतरवलेल्या त्या खोक्याकडे बघून आधी कोण आजारी आहे म्हणून विचारलं. ढोलकी, पेटी आणि बॅंजोच्या पार्टीत याचं काय काम, असंही म्हणाले. तरी कोपऱ्यात बसवून घेतलं. तिथे समोर सुरांचा लिहिलेला कागद नव्हता. लक्ष्मणकाका रंगात आले, की कडवं कुठूनही उचलायचे, कुठेही थांबायचे, मधेच दोन ओळी बोलून टाकायचे. खालचा सूर धरून बसलेल्या विशाखाला त्यांच्या छातीकडे बघत राहावं लागायचं. श्वास भरला की समजायचं, आता उचलणार. पुढे ऑर्केस्ट्रात मोठमोठ्या साहेबांनी हातातल्या काठीने जे दाखवलं, ते ती तिथे आधीच शिकून आली होती. असं ती आजही सांगते, आणि लक्ष्मणकाकांचं नाव घेताना कानाची पाळी धरते.

दोन हजार सहाच्या पुरात नानपुऱ्यात पेरिन टीचरच्या तळमजल्यावर पुरुषभर पाणी शिरलं. पियानो फुगून फुटला. चेलो वाचला, कारण त्या आठवड्यात तो सरावासाठी पांडेसऱ्याला होता. पाणी उतरल्यावर विशाखा तो परत द्यायला गेली, तर टीचरनी घेतला नाही. त्याने आपलं घर निवडलं आहे, त्याला आता हलवू नकोस, एवढंच म्हणाल्या. तीन वर्षांनी त्या गेल्या. विशाखाला रडू आलं ते त्यांना दोखम्याला, म्हणजे पारशांच्या स्मशानाला, नेताना नव्हे, तर पुढच्या रविवारी सकाळी आई सवयीने तेलाची बाटली पिशवीत घालू लागली तेव्हा.

पोटापाण्याचं म्हणाल तर विशाखाने वेसूतल्या शाळांत मुलांना व्हायोलिन शिकवलं, हॉटेलांत लग्नाच्या जेवणावळीत एका कोपऱ्यात बसून वाजवलं. दोनदा स्वतःचं लग्न ठरता ठरता राहिलं. दुसऱ्या स्थळाने ते खोकं माहेरी ठेवता येईल का, असं विचारलं होतं. त्यावर भगवंतांनीच पाहुण्यांना चहा लवकर संपवायला सांगितला. आणि पंचविशीपासून मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात तिला ‘जादा’ म्हणून बोलावणं येऊ लागलं. साठ-सत्तर वादक, त्यांत चेलोवाले आठ. आठांतला कोणी आजारी पडला किंवा बाहेरगावी गेला की विशाखाला फोन. ती रेल्वेत एक जागा स्वतःची आणि एक चेलोची घेऊन जायची, शेवटच्या खुर्चीवर बसून वाजवायची आणि परत यायची. जादा माणसाला सगळे हसून नमस्कार करतात, पण खुर्ची मात्र त्याची नसते. पुढच्या वेळी फोन येईल की नाही, कोणी सांगू शकत नाही. अशी नऊ वर्षं गेली.

पक्की खुर्ची मिळायची ती परीक्षेने. विशाखा दोनदा बसली होती. पहिल्या खेपेला घाईत एक ओळच गाळली. दुसऱ्या खेपेला बरं वाजवलं, पण बरं वाजवणारे आणखी सहा जण होते. दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत पुन्हा एक खुर्ची रिकामी झाली. वयाची अट पस्तीस आणि विशाखाचं वय चौतीस वर्षं नऊ महिने. म्हणजे ही शेवटची खेप, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अंजनाबाईंना तर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी परीक्षेची तारीख सांगता आली असती.

आणि चूक झाली ती या माहीत असण्यातूनच. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी विशाखा शाळेत शिकवायला गेली होती. अंजनाबाईंनी घर झाडलं, लेकीचे उद्याचे कपडे इस्त्री केले आणि मग त्यांचं लक्ष त्या वाद्याकडे गेलं. उद्या ही पोर मोठ्या लोकांपुढे बसणार. त्यांनी खोकं उघडलं, लाकूड पुसलं, गज हातात घेतला. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावलेले असतात, दीडदोनशे. ते केस राठ आणि वर पांढरी भुकटी. ती भुकटी म्हणजे राळ. राळ घासली की केस तारेला धरतात, म्हणून तर तार वाजते. पंचवीस वर्षं अंजनाबाई चेलो ऐकत होत्या, पण ही राळ त्यांनी कोणाला विचारली नव्हती आणि त्यांना कोणी सांगितली नव्हती. त्यांना दिसले ते धूळ बसलेले, कोरडे पडलेले केस. आणि कोरड्या केसांचं काय करायचं, हे सुरत शहरात त्यांच्याहून जास्त कोणाला कळणार? त्यांनी ओल्या फडक्याने भुकटी पुसून काढली, बारीक फणीने केस विंचरले आणि तळहातावर खोबरेल घेऊन मुळापासून टोकापर्यंत चोळलं. पेरिनबाईंचे चोळायच्या तसं. मग गज खोक्यात ठेवला आणि समाधानाने चहा टाकला.

विशाखा साडेपाचला आली. सहाला सरावाला बसली. गज तारेवर ठेवला, ओढला आणि आवाज आला नाही. गज घसरत गेला, जसा साबणावरून पाय जातो. तिला वाटलं आपलाच हात बिघडला. पुन्हा ओढला. मग तिने केसांना बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि तिला तो वास कळला.

दुसरा गज नव्हता. केस बदलून देणारा माणूस मुंबईत, आणि त्याचं काम दोन दिवसांचं. गाडी पहाटेची. विशाखाचा चेहरा बघून अंजनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि काहीतरी बिनसलं आहे एवढं त्यांच्या लक्षात आलं. त्या सांगू लागल्या, “केस कोल्ला पडेल व्हतात, वर धूय बशेल व्हती. मी म्हणं, पोर मोठा लोकेसमोर जाई ऱ्हायनी, चांगलं दिसाले जोयजे.”

विशाखाने त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. ती एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. म्हणाली, “तुला हात लावायला कोणी सांगितलं? माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, समजलं?”

अंजनाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. दोन पावलं मागे सरकून भिंतीशी उभ्या राहिल्या. हे इतकं पटकन झालं, इतकं सवयीचं असल्यासारखं, की विशाखाला ते बघवेना, पण रागाच्या भरात ती दुसरीकडे बघत राहिली.

भगवंत त्याच सुमाराला मिलमधून आले. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, काय झालं ते ऐकून घेतलं आणि गजाकडे वळायच्या आधी लेकीकडे वळले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “हात लावू नको, हाऊ शब्द हिनी जलमभर लोकेसना तोंडे ऐका. गावले विहीरवर ऐका, भांडासवर ऐका. घरमा तरी तू नको म्हनू.”

 विशाखाला माफी मागायची होती, पण तिने नुसता गज वडिलांपुढे केला. भगवंतांनी चष्मा लावला, गज उजेडात धरला, केसांची एक बट अंगठ्यात आणि बोटात धरून चोळली. आणि मग जे सुरू झालं ते छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी बघायला आलं नव्हतं.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, हे केस कुठल्या जनावराचे. घोड्याचे म्हटल्यावर सोडा चालणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मिलमध्ये येतं ते पॉलिस्टर, त्याला सोड्याचं कढत पाणी चालतं. जनावराचा केस मात्र लोकरीच्या आणि रेशमाच्या जातीचा, सोड्यात पडला तर त्याची पेज होते. विशाखा तोवर शेजारून धुण्याचा सोडा आणायच्या विचारात होती, ही गोष्ट तिने पुढे कित्येक वर्षं कोणाला सांगितली नाही. भगवंतांनी रिठे मागवले. ते घरातच होते, अंजनाबाईंच्या बरणीत. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस केला. गजाच्या टोकाचा स्क्रू काढून केस लाकडापासून मोकळे सोडले, साड्यांच्या प्लॅस्टिक पिशवीत लाकूड गुंडाळलं आणि जिथे केस बांधलेले असतात त्या दोन्ही टोकांना पाणी लागू नये म्हणून तिथे चिंधी बांधली. मग केस फेसातून फिरवायचे. पिळायचे नाहीत, ताणायचे नाहीत. पाणी बदलायचं, पुन्हा फिरवायचं. चार पाणी झाल्यावर त्यांनी केसांवर एक थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा तसाच बसला. म्हणजे तेल आहे अजून. सहाव्या पाण्यानंतर थेंब टाकला तो क्षणात पसरला. मिलमध्ये कापड पुढे पाठवायचं की नाही, हे याच थेंबावर ठरायचं. शेवटी औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणून केस पुसले आणि गज पंख्याखाली दोरीवर टांगला.

विशाखाला दम निघेना. केस जरा सुकल्यासारखे दिसले, की ती हात पुढे करायची. भगवंत म्हणाले, ओल्या कापडावरून रंग ठरवणारा मास्तर एका दिवसात नोकरी घालवतो. बस जरा.

केस सुकले, स्क्रू घट्ट झाला आणि गज तारेवर ओढला तर आवाज पुन्हा नाहीच. मात्र या वेळी विशाखाला कारण माहीत होतं. धुतलेल्या केसांवर राळेचा कणही नव्हता. आता शून्यापासून राळ चढवायची, म्हणजे तासभर न थांबता, एकसारख्या दाबाने घासायचं. तिने राळेची वडी हातात घेतली, भिंतीशी उभ्या असलेल्या आईकडे बघितलं आणि वडी आणि गज दोन्ही तिच्यापुढे धरले. अंजनाबाई हात पदराबाहेर काढेनात. विशाखाने एकदा घासून दाखवलं, दाब किती ते सांगितलं आणि गज त्यांच्या मांडीवर ठेवून दिला. टिकल्या चिकटवून चिकटवून त्या बाईचा हात असा बसलेला, की एकही केस कमी किंवा जास्त राहिला नाही. जेवणवेळ होता होता चेलो वाजला. भगवंत हसले, विशाखा रडली आणि अंजनाबाईंनी उठून तव्यावर भाकरी टाकली. पण त्या स्वतः जेवल्या नाहीत.

पहाटे रिक्षा आली. दर वेळी खोक्याचं खालचं टोक अंजनाबाई उचलायच्या. आज भगवंतांनी उचललं. अंजनाबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि त्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या, हात पदराखालीच. विशाखाला मुंबईपर्यंत खिडकीबाहेरचं एक झाड दिसलं नाही. खुर्ची मिळेल की नाही याची चिंता होती, ती होतीच. पण तिच्याही खाली दुसरं काही सलत होतं, की मिळाली नाही तर आई जन्मभर स्वतःला दोष देईल, आणि मी काल जे बोलले ते खरं ठरेल.

परीक्षेची तिथली रीत विशाखाला फार आवडते. वाजवणारा पडद्याआड बसतो आणि ऐकणारे पडद्यापलीकडे. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, फक्त चिठ्ठीवरचा नंबर. चपलाही बाहेर काढून जायचं, म्हणजे पावलांवरून बाई की पुरुष तेही कळू नये. ती पहिल्यांदा हे घरी येऊन सांगत होती, तेव्हा भगवंतांनी मधेच थांबवून विचारलं होतं, आडनावसुद्धा नाही विचारत? नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली होती.

विशाखाचा नंबर चौदा. ती अनवाणी आत गेली, बसली, खिळा टेकवला. गज तारेवर ठेवला आणि क्षणभर तिला वाटलं, घसरणार. गज घसरला नाही. केसांनी तार धरली ती अशी, की पहिल्या सुरालाच राळेचा बारीक धूर उडाला. काल इतकी राळ चढली होती. तो पहिला सूर जरा खडबडीतच निघाला, असं ती आजही कबूल करते. मग मनगटाला टीचरची बोटं आठवली आणि हात ढिला झाला. दुसऱ्या फेरीत सहा जण उरले, तिसऱ्या फेरीत तिघे. तिसरी फेरी पडद्याआडच, पण ऑर्केस्ट्रातल्या बाकी चेलोवाल्यांबरोबर बसून वाजवायची. समोर कागद नीट मांडलेला होता, पण अर्धगोलात समोर बसलेल्या पहिल्या खुर्चीवरच्या माणसाने मधेच चाल हळू केली, बहुधा मुद्दामच. परीक्षेला बसलेले बाकीचे दोघं पुढे निघून गेले. विशाखा गेली नाही, कारण तिची नजर कागदावर नव्हती, त्या माणसाच्या छातीवर होती.

संध्याकाळी पाचला दारावर कागद लागला. त्यावर एकच आकडा होता, चौदा.

त्याला आता आठ वर्षं होऊन गेली. सीझन असला की विशाखा महिना-महिना मुंबईत असते आणि आठांतल्या सहाव्या खुर्चीवर बसते. पुढच्या खुर्च्यांची तिला हाव नाही, असं ती म्हणते. यावर माझा अर्धाच विश्वास आहे. उरलेले महिने ती पांडेसऱ्यात असते आणि विहाराच्या वरच्या खोलीत मुलांना शिकवते. तीन चेलो, अकरा व्हायोलिन आणि बावीस मुलं, त्यामुळे कायम कोणीतरी वाट बघत उभं असतं. मुलं आपसात गुजराती बोलतात, तिच्याशी हिंदी आणि रागाच्या भरात खानदेशी. कोसाडहून येणारी मयुरी, जिची आई साड्यांच्या घड्या घालते, ती यंदा संगीत महाविद्यालयात गेली आणि तिच्यापेक्षा विशाखाच जास्त नाचली. त्या खोलीत नवीन आलेलं मूल कुठल्याही वाद्याला हात लावू शकतं. त्यापायी आजवर पाच तारा तुटल्या आणि एका व्हायोलिनची मान मोडली. भगवंत निवृत्त झाल्यावर तिथे येऊन बसतात आणि गज धुण्याचं खातं त्यांच्याकडे आहे. सहा महिन्यांतून एकदा ते रिठ्याचं पाणी करतात आणि थेंब टाकून बघतात. या खात्यात मात्र त्यांना मास्तर म्हणतात.

मी एकदा विशाखाला विचारलं होतं, एवढ्या वर्षांत सगळ्यात चांगलं कधी वाजलं. मला वाटलं एखाद्या मोठ्या कार्यक्रमाचं नाव सांगेल. ती म्हणाली, मला वाजवलेलं आठवत नाही, त्या संध्याकाळचा फोन आठवतो.

दारावरचा कागद बघून ती जिन्यात येऊन बसली होती. चेलो शेजारी उभा. फोन लावला तो भगवंतांच्या मोबाइलवर, पण उचलला अंजनाबाईंनी. त्या कधीच फोन उचलत नसत. म्हणजे दिवसभर हातात घेऊनच बसल्या असणार. विशाखाला आधी खुर्चीचं सांगायचं होतं. पण पलीकडून खुर्ची मिळाली का, पास झालीस का, असं काहीच आलं नाही. अंजनाबाईंनी एवढंच विचारलं, “वाजना का व?”

जिन्यावरून लोक येत-जात होते. विशाखाने शेजारचा चेलो जवळ ओढला.

“वाजना, माय. तुन्हा हात लागेल व्हता त्याले.”